गाण्यात आहेत, गोष्टीत नाहीत

परवा भाचीने मोबाइलवर एक क्लिप दाखवली. कृष्णधवल चित्र, मागे आगगाडीच्या डब्याचा देखावा, पुढे दोन कृष्णवर्णीय तरुण आणि एक तरुणी. ते दोघं भाऊ उडी मारून पाय फाकवत थेट जमिनीवर बसतात आणि हात न टेकता स्प्रिंगसारखे पुन्हा उभे राहतात. तिने ती क्लिप चारदा मागे नेली. "मावशी, हा अख्खा पिक्चर बघू या ना."

शोधून लावला. १९४१ चा 'सन व्हॅली सेरेनेड'. ग्लेन मिलरचा बँड, बर्फावर स्केटिंग करणारी नॉर्वेची सोन्या हेनी, थोडे गैरसमज, थोडं प्रेम. ते गाणं आलं. आधी बँडबरोबरच्या गोऱ्या गायकांनी गायलं, मग हे तिघं आले, नाचले आणि गेले. पोरगी शेवटपर्यंत वाट बघत बसली. पिक्चर संपल्यावर म्हणाली, "ते परत आलेच नाहीत?"

नाही आले. फयार्ड आणि हॅरल्ड निकोलस हे भाऊ आणि डोरोथी डँड्रिज. त्या गोष्टीत तिघांना ना नाव, ना घर, ना कोणाशी नातं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या रात्री नीट देऊ शकले नाही, ते इथे देते.

हा विषय अधूनमधून बातम्यांतही येतो. अमेरिकेत जुने चित्रपट दाखवताना आधी सूचनेची पाटी येते, चर्चा ठेवल्या जातात. जुने चित्रपट दाखवणाऱ्या टीसीएम या वाहिनीने मार्च २०२१ मध्ये 'रीफ्रेम्ड' नावाची मालिकाच केली. त्यात नर्तक-नट फ्रेड अस्टेअरचा 'स्विंग टाइम'ही होता. बातमी वाचून आपल्याकडच्या अनेकांना प्रश्न पडतो: टोपी, छडी, बुटांच्या ठोक्यांवरचा टॅप डान्स आणि गोड शेवट असलेल्या या निरुपद्रवी पिक्चरांत खटकण्यासारखं काय आहे?

वरातीतला बँड

'प्रतिनिधित्व' हा शब्द हल्ली फार वापरला जातो. साधा अर्थ असा: पडद्यावरच्या जगात कोणाकोणाला जागा मिळते आणि ती जागा कसली असते. पहिला भाग डोकी मोजून कळतो. दुसरा मोजता येत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

लग्नाच्या वरातीतला बँड आठवा. अख्खी वरात त्याच्या तालावर नाचते. त्याच्याशिवाय वरातीला रंग नाही. पण कार्यालयाच्या दाराशी वरात पोचली की नवरदेव आत जातो, पाहुणे आत जातात, आणि बँडवाले बाहेर कडेला वाद्यं खाली ठेवून बसतात. आता कोणी म्हणालं, "आमच्या लग्नात सगळे होते, फोटोत बघा," तर ते खोटं नाही. पण बँडवाला लग्नाला 'होता' म्हणजे काय?

१९३० ते १९६० च्या हॉलिवूड म्युझिकल कॉमेड्यांत, म्हणजे गाणी, नाच, विनोद आणि प्रेमकथा यांच्या मिश्रणात, कृष्णवर्णीय कलावंतांची गत बरीचशी अशीच होती.

नाच म्हणजेच प्रेम, आणि तिथेच अडचण

असं का झालं याचं एक कारण दुष्टपणा, हे खरं. पण दुष्टपणा म्हटलं की विषय संपतो आणि समजत काही नाही. त्यामागची यंत्रणा जास्त रंजक आहे.

म्युझिकल कॉमेडीचा कणा असतो जोडपं. तो भेटतो, ती चिडते, दोघं नाचतात, आणि नाच संपेपर्यंत प्रेक्षकाला कळतं की हिचं मन वळलं. अस्टेअर आणि जिंजर रॉजर्सच्या चित्रपटांत चुंबनाचं काम नाचच करतो. म्हणजे गोष्टीत शिरायचं तर जोडीत शिरावं लागतं, किंवा जोडीच्या आसपास तरी.

आता त्या काळचा नियम पाहा. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी १९३० मध्ये स्वतःच स्वतःसाठी एक नियमावली केली आणि १९३४ पासून ती कडकपणे लागू झाली. विल हेज यांच्या नावावरून तिला 'हेज कोड' म्हणतात. मंजुरीचा शिक्का नसेल तर मोठ्या थिएटरांत चित्रपट लागणं कठीण. त्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं की गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यातले प्रेमसंबंध दाखवायचे नाहीत. हे कलम १९५६ मध्ये निघालं आणि अख्खी नियमावली १९६८ मध्ये गेली. पडद्याबाहेरही अनेक राज्यांत असे विवाह बेकायदा होते. ते कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मोडीत काढले.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की कोडं सुटतं. गोष्ट म्हणजे प्रेम, आणि प्रेमाला बंदी. मग उत्तम नाचणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंताचं करायचं काय? त्याला गोष्टीबाहेर, एका गाण्यात बसवायचं.

याच हिशेबाने १९३५ च्या 'द लिटल कर्नल'मधला जिना समजतो. बिल रॉबिन्सन, टोपणनाव 'बोजँगल्स', त्या काळचा टॅप डान्सचा बादशहा. वय पंचावन्नच्या पुढे. शर्ली टेंपल सहा वर्षांची. तिला झोपायला वर जायचं नाही, तेव्हा घरचा बटलर झालेला रॉबिन्सन तिला जिना चढायची नवी तऱ्हा दाखवतो: पायरीगणिक ताल, वर, खाली, पुन्हा वर. मग तिचा हात धरतो आणि दोघं ठेक्यात जिना चढतात. गोरी आणि कृष्णवर्णीय अशी जोडी हॉलिवूडने पहिल्यांदा नाचताना दाखवली ती ही, आणि ती चालून गेली, कारण एक म्हातारा नोकर आणि एक मूल यांच्यात प्रेमकथेची शक्यताच नव्हती. एवढं करूनही दक्षिणेकडच्या राज्यांतल्या खेळांसाठी हात धरल्याचा भाग कापला गेला.

हात. सहा वर्षांच्या मुलीचा.

कढीपत्ता

दक्षिणेकडची कात्री हा या यंत्रणेचा दुसरा अर्धा भाग. तिथे शाळा, बसगाड्या, थिएटरं सगळीकडे वर्णभेद कायद्याने चालत होता आणि गावोगावी स्थानिक सेन्सॉर बोर्डं होती. मेम्फिस शहराच्या बोर्डावर लॉइड बिनफर्ड नावाचे गृहस्थ १९२८ ते १९५५ बसले होते. १९४७ साली त्यांनी एका विनोदी चित्रपटाला परवानगी नाकारली, कारण त्यातल्या शाळेत गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र दाखवली होती.

स्टुडिओला दक्षिणेतला गल्ला सोडायचा नव्हता आणि उत्तरेकडच्या शहरांत या कलावंतांना मागणी होती. तोडगा निघाला तो असा: त्यांचं गाणं स्वतंत्र रचायचं. नायक-नायिका शक्यतो त्यात नकोत, कथेचा धागा त्यातून जायला नको. धंद्याच्या भाषेत याला 'स्पेशॅलिटी नंबर' म्हणत. असं गाणं कापलं तरी पुढची-मागची दृश्यं बिनबोभाट जुळतात. फोडणीत कढीपत्ता हवाच, त्याशिवाय वास नाही. आणि ताटात आला की बोटाने बाजूला.

हे सर्वांत जास्त भोगलं गायिका लेना हॉर्नने. १९४२ मध्ये तिने एमजीएम या बड्या स्टुडिओशी करार केला. करार होताना तिचे वडील सोबत गेले होते आणि आपण मुलीसाठी मोलकरीण ठेवू शकतो, तिने पडद्यावर मोलकरीण व्हायची गरज नाही, असं त्यांनी स्टुडिओच्या प्रमुखाला ऐकवलं, हा किस्सा तिने अनेकदा सांगितला. मोलकरीण तिला केलं नाही, हे खरं. पण गोऱ्या नायक-नायिकांच्या चित्रपटांत दुसरं काहीही केलं नाही. सुंदर गाऊन, एक खांब, एक गाणं, कट. खांबाला टाचणीने टोचलेल्या फुलपाखरासारखं आपलं झालं होतं, असं ती पुढे म्हणाली.

'शो बोट' या गाजलेल्या संगीत नाटकात ज्यूली नावाचं पात्र आहे. मिश्रवंशाची, ते लपवून जगणारी, जिचं गोऱ्या माणसाशी झालेलं लग्न कायद्याने गुन्हा ठरतं अशी गायिका. लेनाने १९४६ च्या एका चित्रपटातल्या 'शो बोट'च्या तुकड्यात ज्यूलीचं गाणं गायलं होतं. १९५१ मध्ये एमजीएमने पूर्ण चित्रपट काढला, तेव्हा ज्यूली झाली अॅव्हा गार्डनर, आणि तिच्यासाठी आवाज दुसऱ्याच गायिकेचा घेतला. वर्णामुळे जिला जागा मिळत नाही तिची भूमिका, आणि ती भूमिका करायलाही वर्णामुळे जागा नाही.

तोंडाला काळं फासून

आपल्याकडे 'तोंडाला काळं फासणं' म्हणजे बेअब्रू. अमेरिकेत गोऱ्या नटांनी जळक्या बुचाची काजळी स्वतःच्या तोंडाला फासून शंभर-सव्वाशे वर्षं बेअब्रू केली ती दुसऱ्यांची. याला ब्लॅकफेस म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या तमाशावजा खेळांतून ते आलं: मोठे ओठ, वटारलेले डोळे, आळशी, भित्रा, सदा हसणारा माणूस. १९२७ च्या 'द जॅझ सिंगर'मध्ये, म्हणजे बोलपटाच्या पहाटेलाच, अल जोल्सन असा काळा चेहरा करून गातो.

मराठी नाटकातला रामा गडी आठवला तर साचा म्हणजे काय ते कळेल. कोकणातून आलेला, हेल काढून बोलणारा, मालकाचं बोलणं उलटंच समजणारा. प्रेक्षक हसतात, नटही गुणी असतो. पण वर्षानुवर्षं कोकणातला माणूस फक्त गडी म्हणूनच दिसला तर? साम्य इथवरच. खऱ्या कोकणी माणसाला रंगमंचावर यायला मज्जाव नव्हता.

ब्लॅकफेसची सगळी उदाहरणं एका मापाची नाहीत. 'हॉलिडे इन'मध्ये (१९४२) गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकनच्या वाढदिवसाचं गाणं बिंग क्रॉस्बी काळं फासून गातो. ते बघताना कपाळावर हात मारावासा वाटतो, आणि टीव्हीवर ते बऱ्याचदा गाळलं जातं. उलट 'स्विंग टाइम'मधला (१९३६) अस्टेअरचा 'बोजँगल्स ऑफ हार्लेम' हा नाच आहे. त्याच्या मागे पडद्यावर त्याच्याच तीन प्रचंड सावल्या नाचतात, त्याच्याशी होड घेतात आणि शेवटी हार मानून निघून जातात. बिल रॉबिन्सनला दिलेली ती सलामी आहे आणि माझ्या मते अस्टेअरच्या अव्वल नाचांपैकी एक. तरीही चेहरा रंगवलेलाच. आदर आणि अपमान एकाच थाळीत. ज्याला सलामी द्यायची तो तेव्हा हयात होता आणि हॉलिवूडमध्येच काम करत होता, हे विसरून तो नाच मला बघता येत नाही.

"पण सर्व-कृष्णवर्णीय चित्रपटही निघत होते की!"

निघत होते. १९४३ मध्ये 'केबिन इन द स्काय' आणि 'स्टॉर्मी वेदर' असे दोन आले. दोन्हींत लेना हॉर्न होती, दुसऱ्यात तर नायिका. 'स्टॉर्मी वेदर'मध्ये तिचा नायक बोजँगल्स, तो पासष्टचा आणि ती सव्वीसची. हे मात्र आपल्या सिनेमासारखंच.

त्यातच दुसरा जिना आहे. कॅब कॅलोवेचा बँड वाजतोय. निकोलस बंधू टेलकोट घालून टेबलावरून उडी घेतात, वादकांच्या मधून नाचत जातात, पियानोवर चढतात. मग मोठाल्या पायऱ्यांच्या जिन्यावरून उतरतात ते असे: एक पायरीवर पाय फाकवून बसतो, दुसरा त्याच्या डोक्यावरून झेप घेऊन खालच्या पायरीवर तसाच बसतो, मग पहिला त्याच्यावरून. शेवटच्या पायरीपर्यंत. अस्टेअरने या नाचाला सर्वोत्तम म्हटल्याचं सांगतात, आणि ते पटतं.

इथे गोष्ट त्यांची, प्रेमही त्यांचं. मग तक्रार कसली? ही वेगळी पंगत होती. सूत्रं गोऱ्या दिग्दर्शकांच्या आणि स्टुडिओंच्या हाती होती, आणि या जगात गोरा माणूस जवळजवळ नाहीच. दोन जगं एकमेकांना कुठेही शिवत नाहीत, म्हणून नियमावलीलाही हरकत नाही. शिवाय असे चित्रपट विरळा. १९५४ च्या 'कार्मेन जोन्स'साठी डोरोथी डँड्रिजला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. असं नामांकन मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पण डँड्रिज गायिका, तिचा नायक हॅरी बेलाफॉन्टे तर नामांकित गायक, आणि चित्रपटात दोघांच्या तोंडी आवाज दुसऱ्यांचे. आपल्याला पार्श्वगायनाचं अप्रूप नाही, पण गायकालाच पार्श्वगायक देणं जरा जास्तच. संगीत ऑपेराचं, हे कारण दिलं गेलं. डँड्रिजसाठी गायली ती मॅरिलिन हॉर्न, गोरी.

बाकीचे कुठे होते?

कार्मेन मिरांडाच्या डोक्यावरची फळांची टोपली सगळ्यांना ठाऊक आहे. ती जन्मली पोर्तुगालमध्ये, वाढली ब्राझीलमध्ये, आणि तो पेहराव तिने घेतला तिथल्या बाहिया प्रांतातल्या कृष्णवर्णीय फेरीवाल्या बायकांचा. 'डाउन अर्जेंटाइन वे' (१९४०) या चित्रपटात अर्जेंटिनाच्या नावाने ही ब्राझीलची बाई पोर्तुगीजमध्ये गाते, आणि तिचं चित्रीकरण झालं न्यूयॉर्कमध्ये, कारण ती तिथल्या रंगमंचाच्या करारात अडकली होती. हॉलिवूडच्या लेखी सगळा दक्षिण अमेरिका खंड म्हणजे एकच रंगीबेरंगी जत्रा. त्याच वर्षी ती मायदेशी गेली तेव्हा रिओच्या प्रेक्षकांनी तिला थंड प्रतिसाद दिला: तू अमेरिकन झालीस. तिने त्याचंच गाणं केलं.

अभिनेत्री रीटा मोरेनो मूळची प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटाची. 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) कॉमेडी नाही, पण उदाहरण सोडवत नाही. तिथे प्वेर्तो रिकोची नायिका झाली नताली वुड, जिचे आईवडील रशियन वंशाचे. आवाज मार्नी निक्सनचा. आणि जी खरी प्वेर्तो रिकोची, त्या मोरेनोलाही गडद तपकिरी मेकअप फासला, कारण तिचा स्वतःचा रंग 'पुरेसा' नव्हता. तिने त्यावर हरकत घेतली होती. त्या भूमिकेला ऑस्कर मिळालं, आणि नंतर तशाच गल्लीतल्या भूमिका येऊ लागल्यावर तिने नकार द्यायला सुरुवात केली.

या साखळीची एक कडी मुंबईतही आहे. मर्ल ओबेरॉनचा जन्म १९११ चा, मुंबईचा, मिश्रवंशाचा. हॉलिवूडमध्ये १९३५ साली मोरिस शेव्हालिएबरोबर तिने म्युझिकल कॉमेडी केली, त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकन मिळवलं, आणि आयुष्यभर सांगत राहिली की आपण टास्मानियात जन्मलो. तिला गोष्टीत जागा मिळाली. किंमत म्हणून मुंबई पुसावी लागली.

"तो काळच तसा होता"

ही सर्वांत वजनदार हरकत. आजच्या फूटपट्टीने काल मोजू नये, हे तत्त्व मला मान्य आहे. म्हणून कालच्याच फूटपट्टीने मोजू.

१९४४ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, 'ऑन द टाउन' ही म्युझिकल कॉमेडी आली. एक दिवसाची सुट्टी मिळालेले तीन खलाशी शहर भटकतात, एवढीच गोष्ट. त्यात आयव्ही या नायिकेची भूमिका केली सोनो ओसातोने. तिचे वडील जपानी. अमेरिका तेव्हा जपानशी लढत होती आणि पर्ल हार्बरनंतर तिच्या वडिलांना ताब्यात घेतलं गेलं होतं. समूहनृत्यात गोरे आणि कृष्णवर्णीय नर्तक एकत्र. पुढच्या वर्षी वाद्यवृंदाचं संचालनही एव्हरेट ली या कृष्णवर्णीय संगीतकाराकडे आलं. पडदा उघडला तेव्हा युद्ध चालू होतं. आणि खेळ चालला.

१९४९ मध्ये एमजीएमने त्याचा चित्रपट केला. आयव्ही झाली व्हेरा-एलन, आणि ते पात्र झालं इंडियानातल्या छोट्या गावची मुलगी. मूळ नाटकातली रंगांची सरमिसळ गेली. काळ पाच वर्षं पुढे सरकला होता, चित्र मात्र मागे गेलं.

त्या चित्रपटाच्या संगीतासाठी ऑस्कर मिळालं रॉजर ईडन्स आणि लेनी हेटन यांना. हे हेटन गोरे, एमजीएमचे संगीत दिग्दर्शक. त्यांनी डिसेंबर १९४७ मध्ये पॅरिसला जाऊन लग्न केलं होतं, कारण कॅलिफोर्नियात तेव्हा ते बेकायदा ठरलं असतं, आणि १९५० पर्यंत ते लपवून ठेवलं होतं. बायको म्हणजे लेना हॉर्न. स्टुडिओच्या पडद्यावर जे जोडपं अशक्य होतं, ते त्याच स्टुडिओच्या पगारावर होतं.

हे सूर आपल्याकडेही आले

एमजीएमने १९३८ मध्ये मुंबईत धोबीतलावला स्वतःचं मेट्रो थिएटर उघडलं. त्याच दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी, टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकी वादक बँड वाजवत, आणि गोव्याचे वादक ते कानात साठवत. हळदोण्याचा अँतोनियो व्हाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याला तर मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि भगवानदादा यांच्या 'अलबेला'त (१९५१) तो आणि त्याचे साथीदार झालरीचे शर्ट घालून पडद्यावरही दिसतात. गाण्यात. गोव्याच्या कित्येक वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी सिनेमाचा वाद्यमेळ उभा केला, आणि पाट्यांवर त्यांची नावं शोधायला भिंग लागतं. तेव्हा अमेरिकेकडे बोट दाखवताना जरा सांभाळूनच.

मग बघायचे की नाही?

बघायचे, आणि न कापता. कापणं हेच तर मेम्फिसच्या बोर्डाचं काम होतं. आज संवेदनशीलतेच्या नावाखाली ती गाणी पुन्हा उडवली तर निकोलस बंधू दुसऱ्यांदा गायब होतील. आधी एक पाटी, नंतर पाच मिनिटं चर्चा, मध्ये चित्रपट जसाच्या तसा, हा मार्ग मला ठीक वाटतो. बघताना एक खेळ खेळता येतो: हे पात्र उचलून बाहेर ठेवलं तर गोष्ट मोडते का?

भाचीला आता त्या खेळाचा नाद लागलाय. काल तिने 'द पायरेट' (१९४८) मधलं विदूषकांचं गाणं लावलं. जीन केली आणि निकोलस बंधू, तिघं एकाच तालात, एकमेकांच्या अंगाला अंग लावून, एकत्र पडतात, एकत्र उठतात. "हे कापता येणार नाही. हीरो आहे ना यात," ती म्हणाली.

दक्षिणेतल्या काही शहरांत तेही कापलं होतं, मी सांगितलं.

"मग पुढे ते दोघं कोणत्या पिक्चरमध्ये?"

पुढे ते युरोपात गेले.